प्रीसेटच्या आधीचा घोळ

प्रीसेट, म्हणजे एडिटिंगची तयार सेटिंग्ज, लावूनही डिजिटल फोटो फिल्मसारखे न दिसता नुसते धुरकट दिसतात, अशी तक्रार ऐकतो. माझ्या मते घोळ शटर दाबतानाच होतो. निगेटिव्ह फिल्म जादा उजेड पचवते, सावलीत मात्र कमी पडते. डिजिटलचं नेमकं उलटं. ढग एकदा पांढरेफटक झाले की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा, प्रक्रिया न केलेला डेटा) परत येत नाहीत. म्हणून कडक उन्हात मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, २/३ स्टॉप खाली ठेवतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), सावल्या नंतर एडिटिंगमध्ये उजळतो.

आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेनुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून ५५०० केल्विनवर, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या छटेवर, ठेवून बघा. डेलाइट फिल्म साधारण त्यालाच बांधलेली असते, म्हणून झाडाखालचा चेहरा किंचित निळसर येतो. ऑटो तो निळेपणा पुसतो, मग आपण बसतो स्लायडर ओढत!

ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा दाणेदारपणा, बेतानंच. मोबाइलच्या पडद्यावर तो तसाही फारसा दिसत नाही.