कडाक्याच्या थंडीत निशिगंध कसा फुलवावा?

शिकागोवासी
मेच्या मध्यावर वाफ्यात लावलेल्या निशिगंधाला पात भरपूर येते, परंतु दांडा दिसू लागतो तो सप्टेंबर सरता सरता, आणि कळ्या उमलण्यापूर्वीच थंडी त्यांना गाठते. येथील हिवाळ्यात कंद जमिनीत तग धरत नाहीत, त्यामुळे ते काढणे भागच आहे. काढलेले कंद कसे ठेवावेत आणि फुले लवकर यावीत यासाठी काय करावे? गणपतीला घरचा एखादा दांडा वाहता आला तरी पुरे.

कुंडीवाला, न्यू जर्सी
निशिगंध मूळचा मेक्सिकोचा असल्याने लावणीपासून फुलापर्यंत त्याला उबेचे तीन-चार महिने लागतात. मेमध्ये हवा सुखद वाटली तरी माती गारच असते आणि तशा मातीत कंद नुसता पडून राहतो. म्हणून मार्चअखेरीस घरातच कुंडीत कंद लावावेत, मोड दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे आणि रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली जाईनासे झाले की कुंडी बाहेर दक्षिणेकडील भिंतीलगत ठेवावी. वाफ्याचा मोह सोडलेला बरा, कारण दांडा उशिरा आलाच तर कुंडी उचलून आत घेता येते. शरदात पात करपली की कंद काढून, सावलीत सुकवून, कोरड्या भुशात १५ अंशांच्या आसपास ठेवावेत. फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यासाठी थंडी लागते, निशिगंधाला ती बाधते.

गुलछडी, सातारा
वरील सल्ला योग्यच आहे, पण कोणता कंद लावला जातो, हेही पाहावे. कंदांचा गड्डा उपटला की मधोमध जुन्या दांड्याचा वाळका खुंट दिसतो. तो कंद फुलून गेलेला असतो आणि पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवतीचे, निदान दोन सेंटिमीटर जाडीचे टणक कंद निवडावेत. हरभऱ्याएवढी पिल्ले त्याच वर्षी फुलतील अशी आशा धरू नये. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये लावलेला गुलछडीचा, म्हणजे निशिगंधाचा, मळा त्याच जागी तीन वर्षे राहतो, त्यामुळे पिल्ले जमिनीतच पोसतात. शिकागोत दरवर्षी काढणी होत असल्याने ही निवड टाळता येणार नाही. वास हवा असेल तर सिंगल, म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ असलेली, जातच घ्यावी. बंगळूरूच्या बागायती संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ त्यांतलीच आहे. डबल फुलदाणीत शोभते खरी, पण माझ्या मते पूजेला सिंगलच हवी.

पडवी, रत्नागिरी
कोकणात थंडीची भीती नाही, येथे कंद मरतो तो पाण्याने. जांभ्याची माती निचऱ्याची असली तरी आषाढात सपाट वाफ्यातला कंद कुजतोच. त्यामुळे वीतभर उंच गादीवाफा करावा लागतो, आणि कुंड्या असतील तर त्या पागोळ्यांपासून दूर सरकवाव्या लागतात. शिकागोत घरात कंद रुजवताना कुंडीखाली बशी ठेवणार असाल, तर तीत पाणी साचू देऊ नका.