यादी अपुरी आली तर आधी 'ऱ्या' तपासा

एखादा शब्द कोणकोणत्या फाइलींत आहे याची यादी कशी काढायची, असं विचारलं की उत्तर मिळतं: ग्रेपला (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) मायनस आर (आतल्या फोल्डरांसकट शोध) आणि मायनस छोटा एल (फक्त फाइलींची नावं) द्यायचं, पुढे ग्रेटर दॅनचं चिन्ह टाकून यादी फाइलीत वळवायची, की झालं काम. कमांड बरोबरच आहे, पण मजकूर मराठी असेल तर त्या यादीवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. इथे सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानाची जुनी पत्रं, हिशेबाच्या पट्ट्या साध्या टेक्स्ट फाइलींत आहेत. 'शेतकऱ्यांना' शोधलं तर निम्म्याच फाइली आल्या. मोठा एल देऊन न सापडलेल्यांची यादी काढली, एक उघडली, तर शब्द समोर ढळढळीत! मग हेक्सडंपमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या कमांडने, बघितलं. काही फाइलींत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होतं, युनिकोडमधला त्याचा क्रमांक यू+०९३१. बाकीच्यांत साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, ग्रेपच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. आता मी नुसतं 'शेतक' शोधतो. 'शेतकी'ही येतं मधनंमधनं, चालतंय.

आणखी एक, मायनस छोटा एलऐवजी मायनस एन देऊन सापडलेल्या ओळी त्यांच्या क्रमांकासकट ठेवत असाल तर ती फाइल त्याच फोल्डरात नको, होममध्ये, म्हणजे आपल्या मुख्य फोल्डरात, ठेवा. नाहीतर पुढच्या खेपेला शोधात जुनी यादीच परत सापडते. माझी यादी तिसऱ्या दिवशी दुप्पट झाली होती, आणि मी खुळ्यासारखा खूश.