वाळूवर मरून रंगाची साय, काढली की दोन दिवसांत परत. औषध टाकू का?

तीनफुटी
३ × १.५ × १.५ फुटांची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातली, प्रवाळांची), सातवा महिना चालू. ड्राय रॉक, दोन इंच अरागोनाइट वाळू. दोन क्लाऊनफिश, एक रॉयल ग्रामा, झोआ आणि एक हॅमर (दोन्ही प्रवाळ). वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) एकच, तासाला ४००० लिटरचा. लाइट १० तास. खारेपणा १.०२५, तापमान २७.५, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.१२. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ४०.
वाळूवर आणि खडकाच्या मागच्या अंगाला बुडबुड्यांसकट साय धरते. जीएफओ (फॉस्फेट शोषणारं माध्यम) वाढवू, तीन दिवस अंधार करू, की सरळ केमिक्लीन (अशा सायीवरचं तयार औषध)?

मीठमोजणी
आधी सायनोच (सायनोबॅक्टेरिया, म्हणजे साय धरणारे जिवाणू) आहे ना, एवढी खात्री करून घ्या. सायनो चादरीसारखा अखंड सोलून निघतो. तपकिरी, शेंबडासारख्या तारा असतील आणि गोगलगायी मरत असतील तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव) समजा. त्याचे उपाय वेगळे. चिमूटभर थर बाटलीत टाकीच्याच पाण्यात घालून जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा गुठळ्या जमल्या तर डायनो. पाणी स्वच्छच राहिलं तर बहुधा सायनो.

ओहोटी
वर्णनावरून सायनोच वाटतोय. जीएफओला मात्र आत्ता हात लावू नका. तुमचं दुखणं नायट्रेट शून्य असण्यात आहे. सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरतात, त्यामुळे नायट्रेट नसलं तरी त्यांचं अडत नाही. अडतं ते त्यांच्याशी जागेसाठी झगडणाऱ्या बाकीच्या जिवाणूंचं आणि शेवाळाचं. फॉस्फेटही शून्यावर नेलंत तर डायनोला आमंत्रण.

नायट्रेट ५ ते १० पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) आणा. पोटॅशियम नायट्रेट १६.३ ग्रॅम, एक लिटर आरओ पाण्यात. म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट. खडक-वाळू वजा जाता तुमच्याकडे १६० लिटर पाणी धरा. ३२ मिली टाकलं की २ पीपीएम वाढतं. दिवसाला याहून जास्त नको, आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट केल्याशिवाय पुढचा डोस नको. शेतीच्या दुकानातलं १३:००:४५ म्हणजे हेच, पण खतात आणखी काय मिसळलंय याचा भरवसा नाही. केमिकलवाल्याकडून लॅब ग्रेड घ्या, किलोभर लागत नाही.

दुसरं, ते ४० टीडीएस. घरच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएस ॲडजस्टर असतो आणि बऱ्याचदा मिनरल कार्ट्रिजही. ॲडजस्टर पूर्ण बंद करा, टाकीसाठीची लाइन मेम्ब्रेननंतर लगेच काढा, तिला मिक्स्ड-बेड डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) जोडा. मीटरवर ० दिसलं पाहिजे. नाहीतर टॉप-अपच्या प्रत्येक बादलीबरोबर फॉस्फेट आणि सिलिका आत जात राहणार.

साय दुपारनंतर काढा, तेव्हा ती सर्वांत जाड असते, रात्री विरते. एअरलाइनची बारीक नळी, दुसरं टोक सम्पमधल्या (गाळणीच्या जोडटाकीतल्या) १०० मायक्रॉनच्या सॉकमध्ये (कापडी गाळणीत), म्हणजे पाणी वाया जात नाही. सॉक लगेच धुवा. वाळू खोलवर ढवळू नका.

भरतीवाला
नायट्रेटचं पटलं, पण मी आधी प्रवाह बघेन. आकड्यात तासाला टाकीच्या २५ पट पाणी फिरताना दिसतंय. एकाच वेव्हमेकरने खडकामागे पाणी मेलेलंच राहतं आणि साय नेमकी तिथेच आहे. समोरच्या काचेवर दुसरा लावा, दोन्ही आळीपाळीने चालवा. फ्लेकचे तुकडे सोडून बघा: कुठे बसतात, तिथे कचरा साचतो. लाइट ७ तासांवर आणा. फ्रोझन आर्टेमिया आरओ पाण्यात वितळवून गाळून द्या, ते गढूळ पाणी टाकीत ओतू नका. व्होडका किंवा व्हिनेगर डोसिंग (जिवाणूंना खाद्य म्हणून कार्बन देणं) चालू असेल तर थांबवा.

अंधाराने साय जाते, पण कारण तसंच राहिलं तर आठवड्यात परत.

तीनफुटी
व्हिनेगर चालू होतं, बंद केलं. गाळणीच्या चाचणीत पाणी स्वच्छ राहिलं. महिन्याभरात फरक पडला नाही तर केमिक्लीन द्यायला हरकत नाही ना?

ओहोटी
तेव्हा द्या, पण आधी हाताने जितकी निघेल तितकी साय काढून. मेलेला सायनो सडताना ऑक्सिजन खातो, मासे दगावतात ते त्यामुळे. डोस १६० लिटरवर मोजा, काचेच्या मापावर नाही. गाळणीतला ॲक्टिव्हेटेड कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद, एअरस्टोन रात्रंदिवस, आणि लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअरपंप हाताशी. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) फेसाने उतू जाईल. कप काढून पाणी सम्पमध्येच पडू द्या, हवा मिळत राहते. ४८ तासांनी २० टक्के पाणी बदला आणि नवा कार्बन घाला. फेस कमी व्हायला आणखी काही दिवस लागतात, तोवर कप लावू नका.

मेडिकलमधल्या एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर ऐकू नका. खडकातल्या उपयोगी जिवाणूंनाही त्याचा फटका बसू शकतो, अमोनिया चढला तर नवीनच लढाई.