नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: चष्मा, लोकल आणि दिवसभर टीम्स. कोणता घ्यावा?

कल्याणस्लो

कान पूर्ण झाकणारा वायरलेस हेडफोन घ्यायचा आहे. बजेट ३० हजार. खरोखर फरक पडत असेल तर थोडं ताणेन.

वापर: लोकलचा रोजचा प्रवास, ऑफिसात एसीची घरघर आणि आजूबाजूच्यांच्या गप्पा, दिवसाला तीन-एक तास टीम्सचे कॉल, रात्री गाणी. फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज ११. चष्मा कायमचा, जाड काड्यांची शेल फ्रेम.

यादीत सध्या सोनी एक्सएम४, एक्सएम५, एक्सएम६, बोस क्यूसी अल्ट्रा आणि सेनहायझर मोमेंटम ४ आहेत. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळाच पहिल्या नंबरावर बसवतो. चष्मा लावून कोणता चालतो आणि कॉलवर कोणता बरा, एवढंच नेमकं सांगा.

---

कानसेन

यादी चांगली आहे, यातला एकही टाकाऊ नाही. एअरपॉड्स मॅक्स तुम्ही धरला नाहीत ते बरं केलंत. अँड्रॉइडवर त्याचे निम्मे फायदे मिळत नाहीत आणि वजन ३८० ग्रॅमच्या वर. बाकीचे सोनी-बोस अडीचशे ग्रॅमच्या आसपास आहेत, मोमेंटम ४ जवळजवळ ३०० ग्रॅम.

सोनीचं आधी. एक्सएम४ २०२०चा, एक्सएम५ २०२२चा, एक्सएम६ २०२५चा. आवाज दाबण्यात क्रम याच ओळीने लागतो, पण एक्सएम४ ते एक्सएम५ ही उडी मुख्यतः माणसांच्या बोलण्याच्या पट्टीत जाणवते. एसी, पंखा, गाडीची घरघर यात एक्सएम४ अजूनही मागे नाही. मोठा फरक घडीचा आहे. एक्सएम४ मुडपून लहान होतो, एक्सएम६ही होतो. एक्सएम५चे कप नुसते आडवे फिरतात, घडी होत नाही. त्यामुळे त्याची पेटी मोठी, आणि सॅकमध्ये ती मावत नाही म्हणून लोक हेडफोन नुसताच कोंबतात. एक्सएम५ची बिजागरी तुटल्याच्या तक्रारी नेटवर ढिगाने सापडतील. गर्दीच्या लोकलसाठी त्याला माझी पसंती नाही.

बॅटरी तिन्हींची एएनसी (बाहेरचा आवाज दाबणारी सोय) चालू ठेवून ३० तास. मोमेंटम ४ची ६० तास, त्यात त्याला तोड नाही. बोस क्यूसी अल्ट्राच्या पहिल्या पिढीची २४ तास, इमर्सिव्ह मोड (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारा) चालू केलात तर १८. अल्ट्राची दुसरी पिढीही आली आहे, तिची बॅटरी ३० तास आणि यूएसबी-सी वायरवरूनही आवाज येतो. ऑनलाइन घेताना पिढी कोणती ते नीट वाचा, नाव आणि फोटो सारखेच दिसतात.

कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीच्या, नादाला फार लागू नका. सोनीत एलडॅक आहे, बोस आणि सेनहायझरमध्ये एपीटीएक्स अ‍ॅडॅप्टिव्ह. तुमचा फोन काय देतो ते डेव्हलपर ऑप्शन्समधल्या (फोनच्या सेटिंगमधला एरवी लपलेला भाग) ब्लूटूथ कोडेकच्या यादीत दिसेल. फोनमध्येच नसेल तर हेडफोनच्या खोक्यावर छापलेलं काय कामाचं? आणि एलडॅक असला तरी दादरसारख्या स्टेशनात ९९० केबीपीएसवर, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या दर्जावर, आवाज तुटतो, कारण २.४ गिगाहर्ट्झवर शेकडो फोन एकाच वेळी भांडत असतात. सोनीच्या अ‍ॅपमध्ये आवाजाच्या दर्जाऐवजी स्थिर कनेक्शनला प्राधान्य द्या. लोकलच्या गोंगाटात फरक ऐकूही येत नाही.

---

सोल्डरगन

कानसेन यांनी मॉडेलं सांगितली, पण या धाग्यात खरा कळीचा मुद्दा शेल फ्रेमचा आहे. त्यावर निकाल ठरेल, मॉडेलवर नाही.

एएनसी म्हणजे बाहेरचा माइक आवाज पकडतो, हेडफोन त्याची उलटी लाट वाजवतो, आणि आतला माइक उरलंसुरलं मोजून दुरुस्ती करतो. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लाट सव्वातीन-साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे उलटी लाट जरा पुढेमागे झाली तरी खपतं. ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटिमीटर. तिथे कप कानावर किंचित सरकला तरी गणित चुकतं. म्हणून साधारण १ किलोहर्ट्झच्या वरचं काम एएनसी करत नाही, ते गादी (कपाची कानाभोवती टेकणारी मऊ कड) आणि कप करतात. कुकरची शिट्टी, ताटल्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलवरचा 'स' आणि 'श' हे सगळं गादीच्या भरवशावर.

आता चष्म्याची जाड काडी गादीखाली गेली की कानाच्या पुढे-मागे फट पडते. फटीतून वरचा आवाज आत येतो आणि गाण्याचा बेस बाहेर जातो. एएनसीही ढिली पडते, कारण आत जो दाब धरायचा तो धरलाच जात नाही. लोक मग म्हणतात, "एवढे पैसे घालून काही कळत नाही." कळणार कसं?

पडताळा सोपा. चष्मा लावून हेडफोन घाला, गाणं बंद, एएनसी चालू, पंख्याखाली बसा. दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. दाबल्यावर घरघर एकदम कमी झाली, किंवा गाणं लावून दाबल्यावर बेस वाढला, तर फट आहे. काहीच बदललं नाही तर त्या हेडफोनची गादी तुमच्या काडीला सामावून घेते. दुकानात हीच एक चाचणी करा, बाकी स्पेसिफिकेशन घरी वाचता येतात.

मऊ आणि जाड गादी काडीभोवती बसते, कडक किंवा पातळ गादी काडीवर तरंगते. या यादीत बोस सर्वांत मऊ. एक्सएम४ घेतलात तर अ‍ॅपमधला नॉइज कॅन्सलिंग ऑप्टिमायझर चष्मा लावूनच चालवा, तो तेच मोजतो. आणि पुढच्या वेळी चष्मा करताना पातळ धातूची काडी घ्या. हेडफोन बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

गाद्यांचं आयुष्य: या बहुतेकांना कृत्रिम चामडं असतं. दमट हवेत, घामात आणि केसांच्या तेलात ते दोन-तीन वर्षांत सोलपटतं, मुंबई-कोकणात आणखी लवकर. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, तडे जातात. किंचित ओलं फडकं, मग लगेच कोरडं. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. पावसात वापरू नका.

गाद्या बदलताना: एक्सएम४ची गादी कपाच्या कडेला छोट्या खटक्यांवर बसलेली असते. आतल्या कडेत प्लॅस्टिकची पट्टी सरकवून एकेक खटका सोडवा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. नवी बसवताना चारी बाजूंनी टिकटिक ऐकू आली पाहिजे. डाव्या कपात हेडफोन घातलाय की नाही ते ओळखणारा सेन्सर आहे. स्वस्तातल्या गाद्यांचं आतलं कापड त्यावर आलं तर गाणं आपोआप थांबत राहतं आणि लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. शिवाय बाहेरच्या गादीची जाडी वेगळी असली की आतल्या माइकपासूनचं अंतर बदलतं, एएनसी कमी होते आणि आवाजाचा पोतही बदलतो.

---

कल्याणस्लो

तळहाताची चाचणी भारी आहे, करून बघतो. कॉलचं मात्र कोणीच बोललं नाही. सध्याच्या स्वस्त हेडफोनवर टीम्स सुरू झालं की गाण्याचा आवाज एकदम रेडिओसारखा होतो. महागड्यात तो प्रश्न सुटतो का?

---

मीटिंगग्रस्त

नाही सुटत, कारण दोष हेडफोनचा नाही. ब्लूटूथवर नुसतं ऐकायचं असेल तर स्टिरिओ आणि चांगला दर्जा. पण माइक चालू झाला की तेच हेडफोन हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे ब्लूटूथच्या कॉलसाठीच्या पद्धतीवर, जातात. त्यात आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, १६ किलोहर्ट्झ, जुन्या जोडणीत तर ८. म्हणून ३० हजारांचा हेडफोनही त्या क्षणी फोनच्या रिसीव्हरसारखा वाजतो.

उपाय, याच क्रमाने करा:

१. टीम्सच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा, माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. मीट आणि झूममध्येही वेगळं निवडावं लागतं.

२. तरी आवाज पडला तर दुसरं कुठलं तरी अ‍ॅप हेडफोनचा माइक धरून बसलंय. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणूनही लॅपटॉपचाच माइक ठेवा.

३. तरीही नाहीच, तर सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, डिव्हाइसेस, 'मोअर डिव्हाइसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज', हेडफोनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस, आणि 'हँड्सफ्री टेलिफोनी'ची खूण काढा. यानंतर त्या लॅपटॉपवर हेडफोनचा माइक दिसणारच नाही, हे ध्यानात ठेवा. फोनवर तो नेहमीसारखा चालेल.

हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एलई ऑडिओ (ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत) असेल तर माइक चालू असतानाही आवाज चांगला राहतो. एक्सएम६मध्ये ते आहे, पण जुन्या लॅपटॉपच्या ब्लूटूथ चिपला जमत नाही. नुसत्या विंडोज अपडेटने ते येईल या आशेवर हेडफोन घेऊ नका.

आणि एक स्पष्ट बोलतो. दिवसाला तीन तास कॉल असतील तर यातल्या कुठल्याच हेडफोनचा माइक ऑफिसच्या गोंगाटात उत्तम नाही. माइक कपावर, तोंडापासून चांगलाच लांब. सॉफ्टवेअर मागचा आवाज कापतं आणि सोबत तुमच्या शब्दांची शेपटंही कापतं. तोंडासमोर दांडी येणारा साधा यूएसबी हेडसेट यापेक्षा स्वच्छ ऐकू जातो. तो टेबलवर ठेवा आणि हा महागडा प्रवासाला आणि गाण्यांना.

---

शांतताप्रिय

मीटिंगग्रस्त, दोन हेडफोन सांभाळायचा सल्ला सगळ्यांना झेपत नाही. शांत खोलीतून कॉल असेल तर बोस किंवा एक्सएम६चा माइक पुरेसा आहे. उघड्या ऑफिसात तुमचं बरोबर.

माझं मत क्यूसी अल्ट्राला, कारण शेल फ्रेम. मात्र काहींना बोसच्या तगड्या एएनसीत कानात दडा बसल्यासारखं होतं. तो हवेचा दाब नसतो. खालच्या पट्टीचा आवाज एकदम नाहीसा झाल्यामुळे मेंदूला तसं वाटतं. दुकानात निदान १५ मिनिटं घालून बसा. पहिल्या दोन मिनिटांत ते कळत नाही, आणि टाळूवर हेडबँड टोचतो का तेही तेव्हाच कळतं.

सोनी घेतलात तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बंद आहेत ना ते बघा. 'स्पीक-टू-चॅट', नाहीतर तुम्ही खोकलात किंवा गुणगुणलात की गाणं थांबेल. आणि 'अ‍ॅडॅप्टिव्ह साउंड कंट्रोल', नाहीतर चालायला लागलात की तो स्वतःच बाहेरचा आवाज आत घेऊ लागेल. एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप जोडायची सोय अ‍ॅपमधून चालू करावी लागते. एक्सएम४मध्ये ती चालू केली की एलडॅक मिळत नाही, आणि फोनवर रील चालू राहिली असेल तर लॅपटॉपचा आवाज येत नाही. आधी फोनवरचं थांबवायचं.

दारात उभे राहणाऱ्यांसाठी: वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळतो आणि एएनसी फडफडते. कुठलाही हेडफोन असो. आत सरका, नाहीतर एएनसी कमी करा. रूळ ओलांडताना आणि रस्त्यावर हेडफोन गळ्यात, कानावर नको. ट्रान्सपरन्सी मोडवर (बाहेरचा आवाज माइकमधून आत सोडणारा) भिस्त ठेवू नका, मागून येणारी गाडी नेमकी कुठल्या बाजूची ते त्यात नीट कळत नाही.

---

कानसेन

शांतताप्रिय यांच्याशी चष्म्याबाबत सहमत. तरी क्रम सांगायचाच तर असा. तळहाताच्या चाचणीत बोस पास झाला आणि सेलमध्ये बजेटात बसला, तर बोस. एक्सएम६ची गादी तुमच्या काडीला चालत असेल आणि पैसे ताणता येत असतील, तर एक्सएम६. दोन्ही नाही तर एक्सएम४, उरलेल्या पैशांत गाद्यांचा एक जोड आणि मीटिंगग्रस्त म्हणतात तो यूएसबी हेडसेट. मोमेंटम ४चा आवाज मला यात सर्वांत आवडतो, पण आवाज दाबण्यात तो बोस-सोनीच्या एक पायरी खाली आहे आणि तोही मुडपत नाही, त्यामुळे लोकलवाल्याला सुचवत नाही.

अर्ध्या किमतीत 'सीलबंद' एक्सएम५ विकणाऱ्यांपासून लांब राहा. नकली माल हुबेहूब असतो, खोकं आणि पेटीसकट. सोनीच्या अ‍ॅपने मॉडेल ओळखलं नाही तर तिथेच परत करा. जीएसटी बिल भारतातल्या विक्रेत्याचंच घ्या. परदेशातून आणलेल्या सेटवर इथे वॉरंटी मिळेलच असं नाही, आणि या वस्तूत बिघडण्यासारखं सगळ्यात आधी काय, तर बिजागरी आणि बॅटरी. एक्सएम४ किंवा एक्सएम५ घेणार असाल तर आणखी एक: चार्जिंगला लावला की तो बंद होतो, ऐकता येत नाही. एक्सएम६मध्ये चार्ज करता करता ऐकता येतं. दिवसभराच्या कॉलमध्ये बॅटरी संपली तर हा फरक फार बोचतो.