कंपायलेशन अल्बम : संग्रह, संकलन की निवडक?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड'वर लिहितोय. नोव्हेंबर २००१चा, दोन सीडी, १९६७ ते १९९४ अशा अख्ख्या कारकिर्दीतली २६ गाणी. 'कंपायलेशन'ला 'गाण्यांचा संग्रह' लिहिलं, पण पटत नाहीये. काय लिहू?

*

संग्रह नको. संग्रह काडेपेट्यांचा; मिळेल ते आत. इथे 'मोअर', 'उम्मागुम्मा', 'अ‍ॅटम हार्ट मदर' आणि 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या चार अल्बममधलं एकही गाणं नाही. पुस्तकांत 'समग्र' आणि 'निवडक' हा भेद आपण पाळतोच की. 'निवडक पिंक फ्लॉइड' लिहा.

*

अहो, मग कवितासंग्रहात कवीच्या सगळ्या कविता असतात का? काडेपेट्यांचं कारण लंगडं आहे. :)

'निवडक'ने काय घेतलं ते कळतं, घेतल्यावर काय केलं ते कळत नाही. 'एकोज' हे गाणं 'मेडल' या मूळ अल्बमवर (१९७१) साडेतेवीस मिनिटांचं, इथे जेमतेम साडेसोळा. 'मरून्ड' तर दोन मिनिटांवर आणलंय. क्रम सालवार नाही. १९६७चं 'बाइक' सगळ्यात शेवटी आहे, तेही १९७९-९४मधली गाणी होऊन गेल्यावर. शिवाय ध्वनी-अभियंता जेम्स गथ्रीने गाणी अशी सांधलीत की एक विरतं न विरतं तोच दुसरं सुरू होतं. याला 'संकलन'च म्हणायचं. मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'संकलन' येतं ते याच अर्थी, कापणं आणि जोडणं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत 'संकलित' म्हणजे बेरीज. कात्री त्याला सिनेमावाल्यांनी दिली.

*

संकलनाला +१. पण मग १९८१च्या 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज'चं काय? (नाव शुद्ध टोमणा आहे, त्यावर नाचून दाखवा.) अमेरिकेत 'मनी'चे हक्क कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीकडे होते, ते देईनात, म्हणून बँडचा गिटारवादक गिल्मोरने ते गाणं नव्याने रेकॉर्ड केलं. बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली, सॅक्सोफोन तेवढा डिक पॅरीचा. हे कापणं-जोडणं नव्हे.

*

त्यातलं एकच गाणं नवं रेकॉर्ड केलंय, त्यासाठी वेगळा शब्द कशाला? संकलनच म्हणा आणि 'मनी'चं पुढच्या वाक्यात सांगा.

*

ठीक, संकलन. 'करिअर-स्पॅनिंग'ला 'कारकीर्दव्यापी' कसं वाटतं? की सरळ 'पहिल्या अल्बमपासून शेवटच्या अल्बमपर्यंतचं' लिहू?

*

'कारकीर्दव्यापी' शासननिर्णयातलं वाटतं. दुसरं बरं, फक्त 'तोवरच्या शेवटच्या' करा. २०१४ला 'द एंडलेस रिव्हर' आला.

आणि कृपा करून 'प्रोग्रेसिव्ह रॉक'चं (पिंक फ्लॉइडच्या संगीतशैलीचं नाव) 'पुरोगामी रॉक' करू नका. आपल्याकडे पुरोगामी म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकरच आठवतात. 'प्रयोगशील' म्हणाल, तर प्रयोग काय सगळेच करतात. ऐकणारे 'प्रोग'च म्हणतात, तेच ठेवा.