मदत हवी आहे: तांबटाचे घरटे असलेली वाळकी फांदी पुढच्या आठवड्यात छाटली जाणार आहे

नमस्कार.

माटुंग्याला घराजवळच्या बागेत मी रोज सकाळी फिरायला जाते आणि दिसलेल्या झाडापाखरांची वहीत नोंद ठेवते. सध्या तिथे ताम्हण आणि बहावा दोन्ही फुलले आहेत, कुंपणालगतचा उंबर फळांनी लगडला आहे, आणि बहुधा त्या उंबरामुळेच तांबटांची एक जोडी बागेत मुक्कामाला आहे. प्रश्न या जोडीविषयी आहे.

मधल्या पायवाटेवर एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्या एका वाळलेल्या आडव्या फांदीला, खालच्या अंगाने, लिंबाएवढे गोल भोक आहे. ते टोकरताना मी या पक्ष्यांना मार्चच्या अखेरीस पाहिले. ओळखण्यात चूक झालेली नाही, कारण कपाळावरचा आणि छातीवरचा लाल रंग, डोळ्यांभोवतीचा पिवळा आणि चोच मिटून, गळा फुगवून काढलेला 'टुक टुक' आवाज मी जवळून पाहिला-ऐकला आहे. कुटुरगाही बागेत येतो, पण तो बराच मोठा असतो आणि त्याचे गाल पांढरे असतात.

एप्रिलच्या मध्यापासून एक पक्षी बराच वेळ आत बसून राही आणि दुसरा आला की बाहेर पडे. मेच्या पहिल्या दिवसांपासून मात्र दोघांच्याही खेपा वाढल्या असून चोचीत कधी उंबराचे फळ तर कधी किडा असतो. यावरून अंडी फुटून पिल्ले बाहेर आली असावीत, असा माझा अंदाज आहे. तांबटाची अंडी सुमारे दोन आठवड्यांत उबतात आणि पिल्लांना उडण्याजोगे व्हायला साधारण पाच आठवडे लागतात, हे धरले तर ती जूनच्या पहिल्या आठवड्यात ढोली सोडतील. मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, म्हणजे हाताशी असलेला वेळ अगदी थोडा आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी त्या फांदीवर खूण झाली आहे. खाली बाक आहे, मुले खेळतात, त्यामुळे फांदी धोक्याची आहे हे मला पूर्ण मान्य आहे. ती कधीच कापू नये असे माझे म्हणणे नाही, तीन-चार आठवडे थांबावे एवढेच आहे. मुकादमांना घरटे दाखवले तेव्हा तेही बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, लेखी काही आणा, मग आम्हालाही थांबता येईल."

जाणकारांनी पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. खेपांवरून काढलेला माझा अंदाज बरोबर आहे का, आणि पिल्लांच्या वयाची खात्री जमिनीवरूनच करण्याची काही रीत आहे का? शिडी लावून ढोलीत डोकावण्याचा किंवा मोबाईल आत धरण्याचा सल्ला कृपया देऊ नये. ढोलीच्या पुढचा जड भाग कापून खोडाकडचा साधारण चार फूट भाग ठेवला, तर करवतीच्या हादऱ्याने आणि माणसांच्या वावराने जोडी पिल्ले टाकून जाईल का? असा प्रसंग कोणी प्रत्यक्ष पाहिला असल्यास त्यांचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटेल.

अर्ज विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे द्यावा की थेट वृक्ष प्राधिकरणाकडे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे येते, त्याचा उल्लेख करण्याचा विचार आहे. मात्र मुकादमांच्या सौजन्यानंतर अर्जाचा सूर धमकीचा वाटू नये, अशी इच्छा आहे. तोवर बाक हलवून फांदीखाली दोरी बांधावी, असेही त्यात सुचवीन. कोणाकडे अशा अर्जाचा नमुना असल्यास कृपया इथेच द्यावा, कारण सोमवारी सकाळी तो मला पोहोचवायचा आहे.