प्रभाग यादीत ‘सिद्धेश्वर’ आणि ‘सिध्देश्वर’ वेगळे पडतात; दुबार नावे शोधायची कशी?

साखरपेठ_डेस्क

नमस्कार मंडळी. सोलापूर महापालिकेची निवडणूक लागली की आमच्या टेबलावर तीन कामे एकदम येतात: विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडणे, दुबार नावे शोधणे आणि हरकती निकाली काढणे. दरवेळी गळ्याशी आल्यावर धावपळ होते. सध्या सवड आहे, तेव्हा पद्धत बसवून ठेवायची आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यायला तरतूद नाही. संगणक आहेत, त्यांवर एक्सेल २०१० आहे आणि फीडरचा एक स्कॅनर आहे.

अडचणी अशा:

१) डोळ्यांना एकच दिसणारी नावे एक्सेल वेगळी धरते. उलट दुबार म्हणून जी निघतात त्यांतली निम्मी आजोबा-नातू असतात.

२) फाईल उघडली की काही घर क्रमांकांच्या जागी तारखा येतात.

३) एकाच घरातला नवरा एका प्रभागात आणि बायको शेजारच्या. हरकतींचा मोठा गठ्ठा याचाच असतो.

४) काही जुन्या याद्या श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात) आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्या की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जाऊन बसतात.

कोणी पायरीपायरीने सांगेल का?

---

बार्शी_यादीवाला

दुसऱ्या अडचणीपासून धरू, कारण ती चुकली की पुढचे सगळे वाया. घर क्रमांक इंग्रजी अंकांत १२/५ असा असेल आणि फाईलवर दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली, तर त्याची तारीख होते. तशीच सेव्ह केली की मूळ आकडा कायमचा गेला, परत मिळत नाही. त्यामुळे फाईल कधीही थेट उघडायची नाही. लिब्रे ऑफिस कॅल्क उतरवून घ्या, फुकट आहे. मजकूर फाईल उघडताना ते आधी खिडकी दाखवते. तिथे कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ निवडा आणि सगळे रकाने निवडून ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल २०१० मध्ये ‘डेटा – फ्रॉम टेक्स्ट’ने हेच करता येते, पण घाईत सगळे क्लिकच करतात. शिवाय त्या आवृत्तीत ‘युनिकॅर’ हे (युनिकोड क्रमांकावरून अक्षर देणारे) फंक्शन नाही आणि पुढे ते लागणार आहे.

आता नावे. मूळ नावाच्या रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी ‘चावी’ नावाचा नवा रकाना करा आणि बदल फक्त त्यात करा. क्रम महत्त्वाचा आहे:

पहिली पायरी न दिसणारी अक्षरे. वेबवरून किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा असते (युनिकोड क्रमांक १६०). जादा जागा काढणारे ‘ट्रिम’ फंक्शन ती काढत नाही, साध्या जागेने बदलून घ्यावी लागते. मग झिरो विड्थ नॉन-जॉइनर (८२०४) आणि झिरो विड्थ जॉइनर (८२०५). यातला जॉइनर सरसकट उडवू नका. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह काही टायपिस्ट र, हलन्त आणि जॉइनर असा काढतात, काही थेट ऱ वापरतात. जॉइनर उडवला की पहिल्या प्रकारातून ‘कुर्हाडे’ उरतो आणि जुळणी कायमची हुकते. म्हणून आधी ‘र + हलन्त + जॉइनर’च्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला, उरलेले जॉइनर मग काढा. ‘ॲ’चेही तसेच: एक अक्षर म्हणूनही टाइप होते, अ वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) ही जोडी एक करत नाही, बदल हातानेच घालावा लागतो.

दुसरी पायरी लिहिण्याच्या सवयी. सोलापुरात पहिला मान सिद्धेश्वराचा: ‘ध्द’च्या जागी ‘द्ध’ केले की सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्धप्पा यांची मोठी रांग एका झटक्यात जुळते. मग दीर्घ वेलांटी आणि उकार ऱ्हस्व करा (मल्लीकार्जुन, मल्लिकार्जुन). न्त, न्द, म्ब, म्प यांतला अर्धा वर्ण अनुस्वारात बदला (चन्द्रकान्त, चंद्रकांत). वय आणि घर क्रमांकातले मराठी-इंग्रजी अंक एकाच पद्धतीचे करा.

तिसरी पायरी खास आपल्याकडची, कारण पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोट रोडच्या बाजूला कन्नड नावे मराठीत उतरलेली असतात. जोडाक्षरी द्वित्त एकेरी करा: ल्ल, प्प, य्य, म्म, क्क. यल्लप्पा आणि यलप्पा एक होतात, नरसय्या आणि नरसया एक होतात. ‘व्यं’ आणि ‘वें’ एक करा (व्यंकटेश, वेंकटेश). सुरुवातीचा ‘ए’ आणि ‘य’ही एक (एल्लप्पा, यल्लप्पा). शैख–शेख, महंमद–मोहम्मद–मुहम्मद यांची एक छोटी तक्ता-फाईल ठेवा. ‘अ. रजाक’मधला ‘अ.’ मात्र अब्दुलच असेल असे धरून पुढे जाऊ नका, ती नावे वेगळी काढून माणसानेच बघायची. ‘श्री’ काढतानाही पुढे टिंब किंवा मोकळी जागा असेल तरच काढा, नाहीतर श्रीशैल नुसता ‘शैल’ उरतो.

---

साखरपेठ_डेस्क

बार्शीवाले साहेब, ‘ध्द’ची गोष्ट लाखमोलाची. पण चावी झाल्यावर जुळवायचे कशाशी? एक लाख नावे एकमेकांशी ताडायची म्हटली तर मशीन बसते.

---

बार्शी_यादीवाला

बसणारच. एक लाख नावांच्या जोड्या सुमारे ५०० कोटी होतात. सगळ्यांशी सगळे ताडायचेच नसते.

आधी ओळखपत्र क्रमांक. आताचा क्रमांक तीन अक्षरे आणि सात आकडे असा असतो, जुना ‘एमटी’ने सुरू होणारा, तिरक्या रेघांचा. मोकळ्या जागा काढून, अक्षरे मोठी करून जुळवा. आकड्यांच्या जागी ‘ओ’ किंवा ‘आय’ टाइप झाला आहे का तेही बघा. क्रमांक तंतोतंत सारखा निघाला तर ती सर्वांत बळकट जोडी.

मग उरलेल्यांत चार गोष्टी एकत्र: नावाची चावी, वडिलांच्या किंवा पतीच्या नावाची चावी, लिंग आणि वय. वयात दोन वर्षांचा फरक चालवून घ्या, कारण वेगवेगळ्या वेळी नोंदलेले वय पुढेमागे होते. आजोबा-नातू इथेच गळतात, चुलत भाऊ वडिलांच्या नावावर गळतात. राहतात त्या विवाहित महिला: माहेरच्या भागात वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, सासरच्या भागात पतीचे. चावीने त्या सापडत नाहीत. फक्त पहिले नाव, वय आणि फोटो यांवर शोधायचे तर फोटो डोळ्यांनीच ताडावा लागतो. तो हट्ट महापालिकेच्या टेबलाने धरू नये असे मला वाटते. फोटो जुळवणीची सोय मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या प्रणालीत आहे, तिकडेच पाठवा.

श्रीलिपीबद्दल: परिवर्तक (श्रीलिपीचे युनिकोड करणारे साधन) निवडण्याआधी दहा-बारा नावांची कसोटी लावा. निर्मला, श्रीशैल, वीरभद्रय्या, म्हेत्रे, कुऱ्हाडे, सिद्धेश्वर, ज्ञानेश्वर. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. साधा अक्षरास-अक्षर बदल करणारे परिवर्तक इथेच आपटतात. आणि यादी कोणत्याही ऑनलाइन परिवर्तकात टाकू नका. लाखभर लोकांची नावे, वये, पत्ते परक्या सर्व्हरवर ठेवण्याचे काही कारण नाही.

---

मजरेवाडी_नकाशा

तिसरी अडचण नकाशाची आहे, एक्सेलची नाही.

प्रभाग २०११ च्या जनगणनेचे प्रगणक गट (एकेका प्रगणकाला मोजायला दिलेले तुकडे) जोडून होतात. विधानसभेचे यादी भाग (मतदार यादीचे क्रमांक दिलेले तुकडे) मतदान केंद्राच्या सोयीने झालेले असतात. दोन्हींच्या रेघा जुळत नाहीत, म्हणून काही भाग मधोमध कापले जातात. चुका या कापलेल्या भागांतच असतात. न कापलेले भाग अख्खे उचलून प्रभागात टाका आणि विसरा. ताकद कापलेल्यांवर घाला.

क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये प्रभागांच्या हद्दी भरा (२६ प्रभाग म्हणजे फार मोठे काम नाही). एकेका मतदाराचा पत्ता नकाशावर शोधायच्या फंदात पडू नका. ‘जोडभावी पेठ’ एवढ्यावर नकाशा पेठेच्या मधला एकच ठिपका देतो आणि अख्खी पेठ एका प्रभागात जाते. यादी भागाच्या आत जे ‘विभाग’ असतात (अमुक गल्ली, तमुक नगर), त्यांचा ठिपका बीएलओला (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) सोबत घेऊन जागेवर मोबाईलने टिपा. एका विभागाची दोन टोके दोन प्रभागांत पडत असतील तर तेवढ्याच विभागाची घर क्रमांकानुसार छापील यादी काढा, बीएलओने प्रत्येक घरापुढे प्रभाग लिहून सही करावी. कंट्रोल चार्टमध्ये (कोणती नावे कोणत्या प्रभागात जातात त्या तक्त्यात) ‘अनुक्रमांक इतका ते इतका’ असे लिहून भागू नका. यादीतला क्रम रस्त्याच्या क्रमाने जातोच असे नाही, आणि पुरवणीतली नावे शेवटी येतात. ती पट्टा धरून टाकली की घर फुटते.

नवरा-बायकोच्या गोंधळासाठी एक सोपी चाळणी. यादी भाग, विभाग, घर क्रमांक आणि आडनावाची चावी हे चार एक करा आणि प्रत्येक गटात किती वेगळे प्रभाग आले ते मोजा. एकापेक्षा जास्त आले की ते घर फुटले. हरकतीची वाट न पाहता प्रारूप यादी छापायच्या आधीच ही निघतात. फक्त घर क्रमांक रिकामा, ‘०’ किंवा ‘-’ असलेल्या नोंदी आधी बाजूला काढा, नाहीतर शेकडो घरे एकच घर म्हणून येतील.

पत्त्यातली एक स्थानिक मेख. नुसते ‘विडी घरकुल’ लिहिले असेल तर हैदराबाद रोडचे की कुंभारीचे? पहिले शहरात, दुसरे दक्षिण सोलापूर तालुक्यात. रे नगरही कुंभारीतच, जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५,००० घरांचे लोकार्पण झाले. दक्षिण सोलापूर मतदारसंघात शहराचाही भाग आहे आणि गावेही, त्यामुळे मतदारसंघ क्रमांक २५१ दिसला म्हणून मनपा हद्दीतला मतदार धरता येत नाही. यादी भाग क्रमांकच पाहायचा.

शेवटी बेरीज. हद्दीतल्या सर्व यादी भागांची मतदारसंख्या आणि २६ प्रभागांची बेरीज एका आकड्याचाही फरक न पडता जुळली पाहिजे. एकाचा जरी फरक असला तरी छपाई थांबवा. बहुधा काही नावे सुटलेली आणि काही दोनदा पडलेली असतात, ती बेरजेत एकमेकांना झाकतात, त्यामुळे फरक दिसतो त्याहून चूक मोठी असते.

---

तहसील_टेबल

वरचे दोघे कामाचे बोलले. कायद्याची बाजू जोडतो, कारण दुबार सापडले की उत्साहात नाव खोडायचा मोह होतो.

महापालिकेला नाव वगळायचा अधिकार नाही आणि नव्याने घालायचाही नाही. प्रभाग यादीत दुरुस्ती होते ती लेखनिकाच्या चुकीची, चुकीच्या प्रभागाची, आणि विधानसभेच्या यादीत असून प्रभागात सुटलेल्या नावाची. वगळायचे तर नमुना ७, निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा, तोही लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २२ खाली संबंधिताला म्हणणे मांडायची संधी देऊन. संगणकाने जोडी काढली हा पुरावा नव्हे, चौकशीचे निमित्त. २०२५ मधल्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारका लावायला सांगितल्या होत्या. तुमच्या चाचणीचे फलित त्या तारकेपर्यंतच न्या.

दुबार तयार होतात कुठून, तेही बघा. माणूस पेठेतून रे नगरला किंवा जुळे सोलापूरला राहायला जातो आणि नमुना ६ भरतो. तो नव्या मतदाराचा नमुना. पत्ता बदलासाठी १ ऑगस्ट २०२२ पासून नमुना ८ आहे. त्यातच दुरुस्ती, बदली ओळखपत्र आणि दिव्यांग नोंदही होते. खिडकीवर ‘आधी कुठे नाव होते का?’ एवढे विचारले तरी पुढची चाळणी हलकी होते. वर्षात चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला १८ वर्षे पूर्ण हवीत ते) आहेत (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर), म्हणजे ही गर्दी वर्षभर येत राहते.

हरकतींचे: गठ्ठा अर्जात एका अर्जाला पन्नास नावे असतात. नोंदवहीत एका अर्जाला एक ओळ देऊ नका, एका नावाला एक ओळ द्या. रकाने: अर्ज क्रमांक, प्रभाग यादीतला क्रमांक, विधानसभेचा यादी भाग आणि अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, प्रकार (वरच्या तीन दुरुस्त्यांपैकी १, २ की ३), पाहणीचा दिनांक, निर्णय. लोक फक्त प्रभागाचा क्रमांक लिहितात, दुरुस्तीला विधानसभेचा लागतो. खिडकीवरच दोन्ही घेतले तर मागे शोधाशोध राहत नाही. स्कॅन ३०० डीपीआय, करडे. फाईलचे नाव अर्ज क्रमांकच.

---

साखरपेठ_डेस्क

उपकार झाले. नकाशावाले भाऊ, ठिपके टिपायला बीएलओ वेळ देतील का, हा प्रश्न आहेच, पण कापलेले भाग आधी मोजून घेतो. एक राहिले: अंतिम यादीची पीडीएफ केली की छपाईत ‘ि’ अक्षराच्या पुढे जाते, जोडाक्षरे फुटतात. फाईलमध्ये नाव बरोबर असते.

---

बार्शी_यादीवाला

पीडीएफ बनवणारे साधन देवनागरीची जुळणी करत नाही, म्हणून. जुने रिपोर्ट प्रोग्राम अक्षरे टाइप झालेल्या क्रमाने तशीच मांडतात. यादी वेबपान म्हणून काढा आणि क्रोममधून पीडीएफ करा, किंवा लिब्रे ऑफिसमधून एक्स्पोर्ट करा, दोन्ही जोडाक्षरे नीट बसवतात. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाला आहे का ते गुणधर्मांत बघा, नाहीतर छापखान्याच्या मशीनवर भलताच फॉन्ट येतो. पहिल्या प्रभागाची दोन पाने छापून, वर दिलेली कसोटीची नावे त्यात घालून, मगच बाकीचे सोडा.